माफीची गाडी

“काच चार बोटं खाली असू दे बरं का. ही गाडी बंद करून चालवायची नाही,” गाडी विकताना चित्रे काकू म्हणाल्या होत्या. किल्ली शाल्मलीच्या तळहातावर ठेवूनही त्यांनी आपला हात काढून घेतला नव्हता. “आमचे हे भर थंडीत कानाला मफलर गुंडाळायचे, पण काच पूर्ण वर घ्यायचे नाहीत.”

“हो काकू,” शाल्मली म्हणाली. आणि देवळालीच्या त्या बंगल्याच्या फाटकातून गाडी बाहेर पडते न पडते तोच स्टिअरिंगवर बसलेल्या आपल्या वडिलांना म्हणाली, “बाबा, काचा वर घ्या आधी. केवढी धूळ येतेय!”

रमाकांत देवकरांनी काच वर घेतली. हँडल गरागरा फिरवून काच वर घेण्यात त्यांना अशी काही मजा आली, की त्यांनी ती पुन्हा खाली केली आणि पुन्हा वर घेतली.

“बाबा, खेळणं नाहीये ते.”

“असू दे गं. कित्येक वर्षांनी काचेचं हँडल हाताला लागलंय.”

मागच्या सीटवर सहा वर्षांची रेवा खिदळली आणि लगेच खोकली. त्या खोकल्यासरशी शाल्मलीची मान मागे वळली. काकूंचं बोलणं तिच्या डोक्यातून तिथंच गळून पडलं. रेवाला बाळदमा होता. बाहेरची हवा म्हणजे रेवाची शत्रू, एवढं एकच गणित शाल्मलीला गेली चार वर्षं पाठ होतं.

गाडी शोधायची पाळी आली ती धूरपट्टीमुळे. घरपट्टी, पाणीपट्टी, तशी धूरपट्टी. नाशकात ती लागू होऊन तेव्हा दुसरं वर्ष चाललं होतं. मुख्य रस्त्यांवर दुतर्फा सडपातळ राखाडी खांब उभे राहिले होते. एका खांबातून निघालेला डोळ्यांना न दिसणारा प्रकाश रस्त्यावरून समोरच्या खांबावर पडायचा. प्रत्येक वायू त्या प्रकाशातला आपापला ठरलेला रंग गिळतो. गाडी मधून गेली की पलीकडे पोचलेल्या प्रकाशात कुठला रंग किती कमी पडला, यावरून ती काय ओकून गेली ते खांबांना क्षणात कळायचं. पाटीवरचा नंबर टिपला जायचा आणि पट्टी परस्पर खात्यातून वळती व्हायची. एखाद्या गाडीच्या धुरात काही भलतंच आढळलं तर मालकाला तिथल्या तिथे निरोप जायचा. नव्या गाड्यांच्या आत हवा हुंगणारे चिमुकले सेन्सर बसवलेले असत. तेही याच जाळ्याला जोडलेले, आत काही बिघडलं तर काचा आपोआप उघडणारे. हे जाळं आलं आणि धूर तपासणारी जुनी केंद्रं ओस पडून बंद झाली. शहराला इतकं तिखट नाक फुटल्यावर वेगळं हुंगायचं कुणी कशाला?

रेवाची शाळा धूरपट्टीच्या हद्दीच्या आत. घरची पेट्रोलची गाडी रोज हद्दीत नेणं परवडेना, विजेची गाडी घेणं तर आवाक्याबाहेरचंच. राहता राहिल्या माफीच्या गाड्या. चाळीस वर्षांहून जुन्या गाडीला शहराचा वारसा म्हणून धूरपट्टी माफ होती. तिला तपकिरी पाटी मिळायची. अशा गाड्या मूठभर, आणि त्यांच्या धुरानं शहराची सरासरी उगाच बिघडायची. म्हणून तपकिरी पाटी दिसली की खांबांनी ती नोंद सोडून द्यावी असं ठरलं. ती पाटी पाहिली की खांब डोळे मिटून घेत. यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं. उलट लोक हौसेनं जुन्या गाड्या बघायला हिंडू लागले होते.

शाल्मली, तिचा नवरा निषाद आणि बाबा असे तिघेही कित्येक रविवार हिंडले. भगूरला एक अँबॅसॅडर पाहिली. “हिच्यात आपल्या सोसायटीचं अख्खं गणपती मंडळ बसेल, ढोलांसकट,” बाबा म्हणाले. पंचवटीतल्या फियाटचे गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला होते. ते टाकताना निषादनं दोनदा वायपर चालू केले. “जावईबापू, पाऊस नाहीये,” म्हणत बाबा पोट धरून हसले. आणि मग देवळालीला ही दिसली, नव्वदच्या दशकातली छोटीशी ‘सारंग’, दुधावरच्या सायीच्या रंगाची. कुणीतरी मागाहून एसी बसवलेला. परवडणारी. रंग कुठे खरवडलेला नाही, सीटवर एक डाग नाही. शाल्मलीनं सीटची शिवण न शिवण तपासली, दाराच्या फटी तपासल्या, कुबट वास येतो का म्हणून नाक लावून पाहिलं. गाडीच्या पोटाखाली मात्र कुणी वाकून पाहिलं नाही.

घरी आणल्यावर तिनं दारांना रबराच्या नव्या पट्ट्या लावून घेतल्या. समोर हवा गाळायचं यंत्र बसवलं. हवेतले धूलिकण गाळले गेले की त्यावर हिरवा दिवा लागे. नियम साधा होता. काचा बंद, एसी चालू, हिरवा दिवा लागलेला. डब्याचं झाकण बसावं तशी ती गाडी तिनं घट्ट करून टाकली.

बाबांना हा उद्योग मनापासून आवडला. सिन्नरच्या शाळेत त्यांची सगळी हयात चित्रकला शिकवण्यात गेली. आई गेल्यावर ते शाल्मलीकडे राहायला आले, तेव्हा पाहुण्यासारखे सोफ्याच्या कडेला बसायचे. आता त्यांना काम मिळालं होतं. शाळा सुटायच्या बऱ्याच आधी ते फाटकासमोरच्या करंजाखाली गाडी लावत आणि इंजिन चालू ठेवून बसत. रेवा येईल तेव्हा गाडी गार हवी, दिवा हिरवा हवा. रेवा आली की तिला दिसेल त्या रंगाचं नाव विचारत. तांबडा सांगितला तर म्हणत, “नुसता तांबडा नाही. विटकरी की डाळिंबी? नीट बघ.” बोलता बोलता गंगापूर रोड येईपर्यंत रेवा झोपलेली असे.

“काय छान झोप लागते हिला गाडीत!” शाल्मली कौतुकानं म्हणायची.

एकदा संध्याकाळी ती कामावरून आली, तर बाबा कपाळावर ओला रुमाल ठेवून पडले होते.

“आई, आजोबांना ना, गाडी लागते,” रेवानं जाहीर केलं.

“आजोबांना? अगं येडू, चालवणाऱ्याला कुठं गाडी लागते का?”

“लागते! झाडांच्या नर्सरीपाशी थांबून त्यांनी उलटी केली. आणि म्हणाले, आईला सांगू नको, ती उगाच घाबरते.”

“चुगलखोर,” बाबा रुमालाखालून म्हणाले. “काही नाही गं शालू, डोकं गरगरलं जरा. या वयात माणसाला काहीही लागतं. गाडी लागते, ऊन लागतं, उचकी लागते.”

सगळे हसले. शाल्मलीनं त्यांच्या मनगटातलं कडं पाहिलं. हे कडं हल्ली घरोघरी असायचं. नाडी, ताप, रक्तातला प्राणवायू, सगळं सांगायचं. प्राणवायू नव्याण्णव टक्के. तिचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी तिनं गाडीच्या कप्प्यात एक लिंबू आणि आलेपाकाची पुडी ठेवली. लहानपणी सप्तशृंगीच्या घाटात तिला गाडी लागायची, तेव्हा आई हेच तर करायची.

आलेपाक संपला, दुसरी पुडी आली. मग बाबा विसरायला लागले.

आधी बारीकसारीक. चष्मा फ्रिजमध्ये, दोनदा मीठ. मग एकदा ते रेवाला घेऊन सरळ सिन्नरच्या रस्त्याला लागले आणि टोलनाक्याशी येऊन बावरले. रंगांची नावं अडखळू लागली. रेवानं शर्ट दाखवून विचारलं, “आजोबा, हा कुठला?” तर म्हणाले, “तो... आपला तो... वांग्याचा.” रेवाला वाटलं, खेळ आहे. चिडचिड वाढली. फक्त रविवारी ते जवळजवळ पूर्वीसारखे असत. निषादला गाण्यावरून चिडवत, भाजी निवडत. आपण घरी असतो म्हणून त्यांना बरं वाटतं, असं शाल्मलीला वाटे.

आणि एका दुपारी शाळेतून फोन आला, की रेवाला न्यायला कुणी आलंच नाही. शाल्मली रिक्षानं धावली. रेवा वॉचमनच्या खुर्चीवर मुसमुसत बसली होती. आणि गाडी समोर करंजाखालीच उभी होती. आत बाबा, डोळे उघडे, फाटकाकडे बघत.

त्या दिवशी घरी ती बोलू नये ते बोलली. “समोर बसून तुम्हाला तुमची नात दिसली नाही? उद्या तिला घेऊन ट्रकखाली जाल बाबा! मला भीती वाटते तुमची.”

निषाद म्हणाला, “शाल्मली, पुरे.”

“नाही पुरे. तिच्या बाबतीत मी कुणाचीही भीड धरणार नाही.”

बाबा आपल्या बोटांकडे बघत म्हणाले, “बरोबर आहे तुझं.” थोड्या वेळानं विचारलं, “शनिवारी अर्धी शाळा असते. तेव्हा तरी?”

“नाही बाबा.”

रेवाला शाळेची व्हॅन लावली. स्मृतीच्या डॉक्टरांनी बाबांना कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. जन्मभर फळ्यावर फ्रीहँड वर्तुळ काढलेल्या माणसाला आकडे लावता येईनात. “सुरुवात दिसते. वयोमानाप्रमाणे,” डॉक्टर म्हणाले. कड्यावर प्राणवायू नव्याण्णवच होता. शाल्मलीनं गाडीची किल्ली काढून घ्यायचं ठरवलं होतं. पण किल्लीकडे जाणारी तिची नजर पाहून बाबा म्हणाले, “भाजी आणायला तरी राहू दे गं.” तिला तेवढंही नाही म्हणवेना. ते रोज दुपारी भाजीला जात. येताना पिशवी कधी रिकामी असे, कधी नुसत्या मिरच्या.

चैत्र सरता सरता पुन्हा शाळेतून फोन आला. फाटकावरच्या वत्सलाबाई बोलत होत्या. “ताई, तुमचे वडील गाडीत आहेत. उठेनात.”

शाल्मली पोचली तेव्हा लोकांनी काच फोडून त्यांना सावलीत निजवलं होतं. चेहरा काळानिळा नव्हता. उलट गाल गुलाबी दिसत होते, उन्हातून खेळून आलेल्या पोरासारखे. इंजिन अजून घरघरत होतं. समोरच्या यंत्रावर हिरवा दिवा होता.

“रोज यायचे की,” वत्सलाबाई डोळे पुसत म्हणाल्या. “पोरगी व्हॅनमध्ये चढेपर्यंत बसायचे नि मग जायचे. मी म्हटलं, सर, काच तरी उघडा, जीव घुसमटत नाही का? तर म्हणाले, नको, मुलगी रागावते. नातीसाठी गाडीतली हवा स्वच्छ ठेवायचीय. उद्यापरवा पुन्हा बसेल ती.”

इस्पितळात रक्त तपासून एक तरुण डॉक्टरीण बाहेर आली. शाल्मलीच्याच वयाची असेल.

“गाडी कुठली तुमची?”

“माफीची आहे. का?”

डॉक्टरीण खुर्ची ओढून समोर बसली. कार्बन मोनॉक्साइड, ती म्हणाली. अर्धवट जळलेल्या पेट्रोलचा वायू. रंग नाही, वास नाही. रक्तातला जो लाल पदार्थ प्राणवायू वाहून नेतो, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटीनं घट्ट चिकटतो. एकदा बसला की सहजासहजी जागा सोडत नाही. श्वास चालू असतो आणि मेंदू आतल्या आत उपाशी राहतो.

“पण हवा गाळायचं यंत्र आहे गाडीत. दिवा हिरवा होता.”

“ते धूळ गाळतं. हा वायू त्याला अडत नाही.”

“कडंसुद्धा नव्याण्णव दाखवत होतं!”

“कडं रक्ताचा लाल रंग बघतं. प्राणवायूनं रक्त लाल होतं, तसं यानंही होतं. त्याला फरक कळत नाही.” डॉक्टरिणीनं विचारलं, “आधी काही त्रास होता का त्यांना? डोकेदुखी, मळमळ?”

“त्यांना गाडी लागायची,” शाल्मली म्हणाली.

“गाडी चालवत कोण होतं?”

“तेच.” आणि हे म्हणता म्हणता शाल्मलीला स्वतःचेच शब्द आठवले, चालवणाऱ्याला कुठं गाडी लागते का? डॉक्टरिणीनं शाल्मलीच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“आणि विसरणं? ते वयाचं होतं ना? सांगा ना, ते वयाचंच होतं ना?”

“वेळीच मोकळ्या हवेत आले असते,” डॉक्टरीण हळू म्हणाली, “तर बरंचसं परत आलं असतं.”

पुढे गॅरेजमध्ये गाडी उचलून धरली, तेव्हा ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा गंजून जाळी झालेला दिसला, आणि नेमका त्याच्याच खाली धुराचा पाइप चिरलेला. दारांच्या रबरी पट्ट्यांमुळे आत शिरलेलं बाहेर पडायला वाट नव्हती. रेवा मागे, तेही थोडाच वेळ बसायची, म्हणून तिचं झोपेवर निभावलं. डॉक्टरांनी रेवाला तपासून सगळं ठीक असल्याचं सांगितलं, तेव्हा शाल्मलीला हायसं वाटलं, आणि पाठोपाठ त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली.

बाबा घरी आले ते हसत आले. दाराच्या दोन काचा एकदम उघडाव्यात तसं त्यांचं डोकं मोकळं झालं होतं. रेवाला मांडीवर घेऊन त्यांनी डाळिंबी म्हणजे काय ते पुन्हा समजावलं, तिच्या वहीत एक बैलगाडी काढून दिली. शाल्मलीनं त्यांच्या पायाशी बसून सगळं सांगायचं कितीदा मनात आणलं. जरा ताकद येऊ दे, मग बोलू, असं म्हणत राहिली. डॉक्टरिणीनं घरी सोडतानाच बजावलं होतं, की काहींना चांगले गेलेले आठवडे फसवतात. मेंदूतल्या तारांवरचं वेष्टण आतून विरत असतं, आणि दुसरा घाव उशिरा बसतो. काहींना म्हणाली होती, सगळ्यांना नाही. शाल्मली त्या ‘काहींना’वर पाय रोवून उभी होती.

एका सकाळी ती चहा घेऊन गेली. बाबा खिडकीशी बसले होते. तिला पाहून त्यांनी पाय आवरून घेतले, धोतराचा सोगा नीट केला आणि अर्धवट उठत म्हणाले, “अहो, तुम्ही कशाला त्रास घेतलात?”

तिला आधी थट्टाच वाटली. अशी थट्टा त्यांच्या स्वभावातच होती. “काय हो बाबा, सकाळी सकाळी!”

“बसा ना तुम्ही.” त्यांनी स्वतःची खुर्ची पुढे सरकवली. “आमची मुलगी येईलच एवढ्यात. मला यायला उशीर झाला की ती फार घाबरते, म्हणून इथंच थांबलोय.”

उभ्या जन्मात त्यांनी तिला कधी ‘अहो’ म्हटलं नव्हतं. रागावले तरी ‘अगं’, आनंदानं हरखले तरी ‘अगं’. त्या ‘तुम्ही’सरशी शाल्मलीनं हातातला कप खाली ठेवला, त्यांच्यासमोर जमिनीवर बसली आणि इतके दिवस अडवून धरलेलं सगळं एका वाक्यात बाहेर आलं. “मला माफ करा.”

बाबा अवघडले. परक्या बाईला आपल्यापायी जमिनीवर बसावं लागलं, याचा त्यांना खरोखर संकोच झाला. “अहो, माफी कसली मागता?” ते मऊ आवाजात म्हणाले. “तुम्ही कुठं माझं काय वाईट केलंत?”

सारंग भंगारात गेली. तपकिरी पाटीच्या गाड्याही खांबांनी हुंगाव्यात, पट्टी लावू नका पण हुंगा तरी, असं शाल्मली भेटेल त्या अधिकाऱ्याला सांगत राहिली. विचार करू, असं सगळेच आस्थेनं म्हणाले.

दुपारी अर्धा दिवस सुट्टी काढून ती आता शाळेच्या फाटकाशी जाते. तपकिरी पाटीची, काचा चढवलेली गाडी दिसली की काचेवर टकटक करते. काही जण ऐकून घेतात, काच खाली करतात. काही जण हॉर्न वाजवतात. एक बाई म्हणाली, “आमची गाडी आम्ही कशीही चालवू, तुम्ही कोण टिकोजीराव?” शाल्मली पुढच्या काचेकडे जाते.

परवा तिला एक नवीन गृहस्थ दिसले. मोरपिशी रंगाची जुनी गाडी, शाळेच्या मागच्या फाटकापाशी, रसवंतीच्या शेजारी. पांढरी टोपी, जाड चष्मा, कपाळाला हात लावून बसलेले. तिनं टकटक केल्यावर त्यांनी हसून हात हलवला, बरं आहे म्हणून. काच उघडली नाही. काल त्यांनी हातही हलवला नाही. ती दार ओढायला गेली तेवढ्यात नातवंडं आली आणि गाडी निघून गेली.

आज रेवाचा दमा उसळलाय. बाबांजवळ बसायला दुसरं कुणी नाही, निषाद गावाला गेलाय. फाटकावर फोन लावला तर तो कुणी उचलत नाही. शाल्मलीला आज जाता येणार नाही. म्हणून ती तुम्हाला विचारतेय. तुम्ही त्या बाजूला राहत असाल, किंवा तुमच्याच गल्लीत काचा चढवून असं कुणी एकटं बसत असेल, तर आज दुपारी तेवढं जाऊन या. काचेवर वाजवा. ते हसतील, हातानंच बरं आहे म्हणतील. तरी वाजवत राहा. दार उघडायला लावा, इंजिन बंद करा, दंडाला धरून बाहेर सावलीत आणा. पाणी नंतर द्या. आधी त्यांना त्यांच्या मुलीचं नाव विचारा.